मोराची मोटार

विम्याच्या धंद्यात मी उभा जन्म काढला. धडकलेल्या, उलटलेल्या, नाल्यात बसलेल्या, अगदी विहिरीत उतरलेल्या अशा नाना तऱ्हेच्या गाड्या पाहिल्या. पण तहान लागणारी गाडी मी एकच पाहिली, आणि ती माझ्या घरमालकांची होती.

पनवेलला तेव्हा रेल्वे यायची होती. मी एका विमा कंपनीचा नवाकोरा एजंट, डोक्याला भरपूर तेल आणि हातात रिकामी बॅग. मुंबई-पुणे रस्त्याला लागून मालकांचा गाड्यांचा कारखाना होता. गाड्यांचा म्हणजे बैलगाड्यांचा. पनवेलची बैलगाडी त्या काळी पार घाटावरून लोक मागायला येत. कारखान्याच्या माडीवर एक खोली होती, ती मला भाड्याने मिळाली. खाली उजाडताच सुतारांचा वाकस आणि रंधा सुरू व्हायचा, आणि माझ्या सकाळच्या चहावर सागवानाचा भुसा तरंगायचा. मी एकदा तक्रार केली तर मालक म्हणाले, "सागवान आहे हो, जांभूळ नाही. आरोग्याला चांगलं."

मालक उंच, काटकुळे. उजव्या कानावर सदैव पेन्सिल. लग्नाला निघाले, अंगात कोट चढला, डोक्याला टोपी लागली, तरी पेन्सिल कानावरच. दारात कुणी आलं की आधी त्याच्या गाडीच्या चाकावर हात फिरवायचे, मग माणसाला नमस्कार. माणसंसुद्धा ते गाडीसारखीच पारखत. गाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैल लोंबकळतात, त्याला गाडी उलार झाली म्हणतात. मालकांच्या मते निम्मं पनवेल उलार होतं. अमका वकील उलार, तमका मास्तर उलार. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "विमेवाले, तुम्ही उलार नाही. पण तुमचं वंगण फार आहे." मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी विमेवालेच राहिलो.

त्यांना एकुलती एक मुलगी, कुसुम. तिची आई ती लहान असतानाच गेली, आणि मालकांच्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, तिला वाढवलं. आत्याबाई अंगाने भरभक्कम आणि तोंडाने त्याहून. त्या बोलायला लागल्या की खालचे सुतार रंधा थांबवत, कारण नाहीतरी तो ऐकू येत नसे.

कुसुम परकर नेसायला लागली तेव्हापासून मालक तिच्या लग्नाची गाडी घडवत होते. रोज कामं आटोपली की तासभर तेवढंच. सागवानी कठडा, त्यावर वेलबुट्टी, पितळी कळस, चाकांना लावायच्या कोरीव तबकड्या, घुंगरं. आणि सगळ्यात पुढे, बैलांच्या पाठीमागे, पिसारा फुलवलेला मोर. दोन हात रुंद असेल. एकेका पिसावरचा डोळा त्यांनी वेगळा कोरला होता. त्या गाडीतून कुसुम सासरी जाणार, हे पनवेलात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

स्थळ आलं लोणावळ्याचं. मालक मुलगा बघायला गेले आणि त्याला म्हणाले, "जरा अंगणात चालून दाखवा." मुलगा बिचारा चालला. परत आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, कसा आहे? मालक म्हणाले, "कणा सरळ आहे, दोन्ही पाय सारखे पडतात. फार दिवस टिकेल." लग्न ठरलं. फक्त मुलाकडच्यांनी एक गोष्ट हळूच सांगितली. घाट चढून बैलगाडी यायची कधी? त्यांच्याकडे नवरी मोटारीतून येते.

दोन दिवस मालकांनी कुसुमच्या गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मुंबईला गेले आणि एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार घेऊन आले. सोबत मोटार चालवायला करीमचाचा. चाचा पनवेलचेच, मुंबईत वर्षानुवर्षं मोटारी हाकून थकून घरी आलेले. गाडीचा आवाज ते डोळे मिटून ऐकत.

मी ताबडतोब खाली धावलो आणि त्या मोटारीचा विमा उतरवून घेतला. पनवेलातली माझी पहिली पॉलिसी. सही करण्याआधी मी प्रामाणिकपणे सांगितलं, "मालक, गाडीत काही फेरफार केलात तर कंपनीला आधी कळवायचं बरं का. नाहीतर उद्या काही झालं तर कंपनी हात वर करेल."

"फेरफार कशाला करीन?" मालक म्हणाले. "मी फक्त सजवणार."

खरं सांगतो, मी हसलो आणि माडीवर गेलो. सजवणार म्हणजे दसऱ्याला झेंडूची माळ घालतील, असं मला वाटलं. पण गाडीवाल्या सुताराच्या लेखी फेरफार म्हणजे कणा, म्हणजे चाकांचा आस, बदलणं, चाक लहानमोठं करणं. बाकी सगळी सजावट. गाडी विकताना ते गिऱ्हाइकाला सांगतच की कणा माझा, सजावट तुमची. त्याला कुणाची परवानगी लागते, हे त्यांच्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं.

महिनाभरात कुसुमच्या लग्नाच्या गाडीवरचं सगळं लेणं मोटारीवर चढलं आणि उरलेली गाडी गिऱ्हाइकाला गेली. टपावर सागवानी कठडा आणि मधोमध पितळी कळस. चाकांवर कोरीव तबकड्या, त्यांना घुंगरं. समोरच्या काचेला लोकरीच्या गोंड्यांची झालर. बॉनेटवर आरसे लावलेली झूल. आणि रेडिएटरच्या जाळीवर, चारही कोपऱ्यांत मळसूत्र पिळून, मोर.

जवळच्या कोन गावचे हाशा पाटील नव्या बैलगाडीची मागणी द्यायला आले होते. ते मोटारीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "मालक, गारी झ्याक हाय. पन बैल कंच्या बाजूला जुपाचं?"

मालकांना हा सन्मान वाटला.

आता या सजावटीने काय व्हायचं ते झालं. जी मोटार पूर्वी खोपोलीपर्यंत एका दमात जायची, ती आता कोनलाच फुसफुसायला लागली. मोराच्या पिसाऱ्यातून रेडिएटरला वारा लागेना, वरून झुलीचं पांघरूण, टपावर लाकडाचं ओझं. पेट्रोल पाण्यासारखं जाई आणि पाणी पेट्रोलसारखं. घुंगरांच्या नादात चाचांना इंजिनचा आवाज ऐकू येईना. ते हात जोडून म्हणायचे, "मालक, खुदाची कसम, गाडीचा जीव गुदमरतोय. निदान झूल तरी काढा."

मालक शांतपणे खाली उतरायचे. गाडीत एक मोठा तांब्या टांगलेला असे, तो भरून आणायचे आणि रेडिएटरमध्ये ओतायचे. "गुदमरत नाही हो. तहान लागलीय. घाटाच्या पायथ्याशी बैलालासुद्धा पाणी दाखवावं लागतं." मग उरलेलं पाणी आम्हा माणसांना. हा क्रम कधी चुकला नाही. आधी गाडी, मग माणसं. घाटात एका वळणावर कातळातून झरा येतो. तिथे तर गाडीला तहान असो नसो, मालक थांबतच. अमावास्येला मोटार जुंपायची नाही, हाही नियम होता. बैलाला सुट्टी असते, मग हिने काय पाप केलंय?

मी एकदा धीर करून म्हणालो, "मालक, हे सगळं कंपनीला कळवायला हवं. निदान मोर तरी."

"जरूर कळवा," ते उत्साहाने म्हणाले. "आणि विचारा, मोराचा वेगळा विमा उतरवतात का. इंजिन काय, मुंबईत पैशापासरी मिळतं. मोर कुठून आणणार?"

मी कळवलं. मुंबईच्या ऑफिसात माझ्या पत्रावरचा मोर हा शब्द बहुतेक कुणाला खरा वाटला नसावा. उत्तर आलं नाही.

खरा घोटाळा केला कळसाने. गावात एका पुढाऱ्यांच्या स्वागतासाठी बाजारात कमान उभारली होती. मालक तिच्याखालून ऐटीत निघाले. टपावरचा कळस कमानीच्या दोरीत अडकला. घुंगरांच्या आवाजात मागची आरडाओरड कुणाला ऐकू येणार? मोटार पुढे आणि तिच्यामागे आंब्याच्या पानांसकट, सुस्वागतमच्या फलकासकट सबंध कमान, अशी ती वरात तळ्यापर्यंत गेली. लोक टाळ्या वाजवत होते. मालकांना वाटलं मोराचं कौतुक चाललंय, त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कार केले. कुणाला खरचटलंही नाही, पण मांडववाल्याने कंपनीकडे भरपाई मागितली. तेव्हा कुठे मुंबईच्या ऑफिसने डोळे चोळले आणि मोटार तपासायला एक साहेब पाठवले. कुसुमचं लग्न तेव्हा दहा-बारा दिवसांवर आलं होतं.

साहेब सभ्य होते, कमी बोलणारे. मी मालकांना आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच सांगा. साहेबांनी कळसाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कुणी बसवला?"

"मी."

"आणि हा कठडा?"

"तोही मीच. सागवान एकसंध आहे, जोड शोधून दाखवा. पण तुम्ही चाकाकडे नाही पाहिलंत साहेब. खाली वाका. अजून वाका. ह्या तबकड्या पाहा!"

मी मालकांच्या पायावर पाय दिला. ते म्हणाले, "विमेवाले, पाय पडतोय तुमचा," आणि साहेबांना मोटारीखाली घालून आणखी चार गोष्टी दाखवल्या, ज्या साहेबांना उभ्या जन्मात दिसल्या नसत्या. विमा कंपनीला फेरफार लपवणारी माणसं मी पुढे शेकड्यांनी पाहिली. मिरवणारा माणूस तो एकच.

मग साहेब म्हणाले, "घाटात चालवून पाहू."

निघालो. कोनला पाणी, चौकला पाणी, खोपोलीला पाणी. घाटाच्या चढावर मोटार बैल बसल्यासारखी मटकन बसली. मोराच्या पिसांमधून वाफेचे लोट निघायला लागले. मालकांनी तांब्या भरून आणला, रेडिएटरमध्ये ओतला आणि उरलेला साहेबांपुढे धरला. साहेब ते मुकाट्याने प्यायले. परत येताना उतारावर कसलातरी जळका वास येऊ लागला. चाचांनी गाडी कडेला घेतली. कोरीव तबकड्यांनी चाकं चहूकडून झाकली होती. आतल्या ब्रेकला वारा नव्हता, आणि ते इतके तापले होते की साहेबांनी हात नेला तो चटकन मागे घेतला.

साहेबांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "हे सगळं काढा. मग विमा चालू राहील. नाही काढलंत तर मला तो बंद करावा लागेल, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही."

"कोरीवकामाला किती वर्षं लागली माहीत आहे?" मालक म्हणाले.

"काम सुंदर आहे. मी असं काम पाहिलेलं नाही." साहेबांनी मागे घाटाकडे पाहिलं. "तुमची मुलगी याच गाडीतून याच घाटाने जाणार ना? ब्रेक लागले नाहीत तर मोर काय करणार?"

मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला आयुष्यात कुणाची इतकी दया आली नव्हती. पंधरा वर्षं माणूस मुलीच्या पाठवणीसाठी एक गोष्ट घडवतो आणि तीच मुलीच्या जिवावर उठते. साहेबांचा रागही येईना, कारण ते खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांनी सगळ्या सुतारांना सुट्टी दिली आणि एकट्याने सगळं उतरवलं. माडीवरून मला मळसूत्रं फिरल्याचा आवाज येत होता. कुसुम मदतीला गेली, तिलाही परत पाठवलं. संध्याकाळी चाचा उघडीबोडकी मोटार शिरढोणपर्यंत पळवून आले आणि पोरासारखे ओरडले, "मालक, गाडीनं श्वास घेतला!"

"श्वास घेतला," मालक म्हणाले, "पण मान खाली घातलीन."

लग्न तीन दिवसांवर असताना हाशा पाटील त्यांची नवी गाडी न्यायला आले. कोपऱ्यात ठेवलेला मोर त्यांना दिसला. काय झालं ते मी सांगितलं. पाटील बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले आणि मग मालकांना म्हणाले, "गारी आमी आज नेत नाय. यो मोर तिला लावा. पोरीला आमच्या कोनपरत गारीतून आना, बैल आमचं. पुढं घाट हाय, थितून मोटारीत बसवा."

"गाडी तुमची आहे पाटील," मालक म्हणाले.

"गारी आमची हाय. पन पोर काय निस्ती तुमचीच हाय?"

मालकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथे माप घ्यायला बसले.

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या दिवशी पनवेलातून जी वरात निघाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. पुढे हाशा पाटलांचे पांढरेशुभ्र बैल, त्यांच्यामागे पिसारा फुलवलेला मोर, कठडा, कळस, घुंगरं, आणि आत कुसुम आणि नवरदेव. नवरदेव आधी लाजला होता, पण पळस्प्याच्या फाट्यापर्यंत कासरा त्याच्याच हातात होता. मागे, बैलांच्या चालीने, उघडीबोडकी विमा उतरवलेली मोटार. तिच्यात चाचा, मी आणि आत्याबाई. आत्याबाई पाठराखीण म्हणून लोणावळ्याला जाणार होत्या, म्हणजे नवरीला नव्या घरी परकं वाटू नये म्हणून माहेरचं माणूस चार दिवस सोबत. त्यासाठी त्यांनी दोन ट्रंका, एक पापडांचा डबा आणि बोलायचं पुष्कळ काही बरोबर घेतलं होतं.

कोन आलं आणि मोटारीच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली. इतका वेळ पहिल्या गिअरमध्ये बैलांच्या मागे रांगून रांगून इंजिन तापलं होतं. मालक बैलगाडीवरून उडी मारून धावत आले. त्यांचा चेहरा कसा फुलला होता म्हणून सांगू! "बघा विमेवाले! बघा! मोर नव्हता, तरी तहान लागली!" चाचा कारण सांगायला लागले, पण ऐकतंय कोण. मालकांनी तांब्या भरला, पाणी ओतलं, बॉनेटवर दोनदा थोपटलं. सगळी वरात पोट धरून हसत होती. कुसुमसुद्धा डोळ्यांत पाणी घेऊन हसत होती.

मग उतरायची वेळ झाली आणि हसू थांबलं. कुसुम वाकून पाया पडली. मालक वळले, बैलगाडीपुढे गेले आणि खिशातून पेचकस काढून मोराची मळसूत्रं सोडवायला लागले. चारही काढून मोर दोन्ही हातांत घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"विमेवाले, एक विचारतो. मोटारीवर काही बसवायचं नाही, हे कळलं. पण मोटारीच्या आत सामान नेलं तर?"

मी पॉलिसी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. पण डोळ्यांपुढे काही नीट दिसेना. मी म्हणालो, "सामानाला कंपनीची हरकत नाही."

त्यांनी मोर मागच्या सीटवर कुसुमच्या शेजारी उभा ठेवला आणि धोतराच्या जुन्या पानाने घट्ट बांधला. तेवढ्यात आत्याबाई पुढे झाल्या. "अरे, पण मी बसू कुठं?"

खरंच जागा नव्हती. पुढे चाचा आणि नवरदेव, मागे कुसुम आणि मोर. मालक बहिणीकडे बघत राहिले. "तू चार दिवसांनी परत येशील गं," ते एवढंच म्हणाले.

आत्याबाईंनी मोराकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. पदराने नाक पुसलं. "जाऊ दे त्यालाच पाठराखीण म्हणून," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा कमी बोलतो."

पापडांचा डबा तेवढा त्यांनी मोराच्या पायाशी सरकवला. मोटार निघाली. मालक रस्त्यात उभे राहून तिचा आवाज ऐकत होते, धूळ खाली बसली तरी.

संध्याकाळी चाचा परतले तेव्हा आम्ही कारखान्याच्या पायरीवर बसलो होतो. मालकांनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. "घाटात किती वेळा थांबलात?"

"गाडीनं नाव काढलं, मालक. पाण्याचा घोटसुद्धा मागितला नाही. पाखरासारखी चढली."

"एकदाही नाही?" मालकांचा आवाज पडला.

"थांबलो एकदा," चाचा म्हणाले. "त्या झऱ्याच्या वळणावर. मी म्हटलं, ताई, आता काय जरूरत आहे, गाडी थंडगार आहे. तर म्हणाली, चाचा, बाबा इथं थांबतात. शालू सावरत खाली उतरली, स्वतःच्या हातानं तांब्या भरून आणला. मला बॉनेट उघडावंच लागलं."

मालकांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मग विचारलं, "आधी कुणाला दिलं पाणी?"

"आधी गाडीला," चाचा म्हणाले. "मग नवरदेवाला."

मालक इतक्या मोठ्याने हसले की आत्याबाई आतून बाहेर आल्या. हसता हसता त्यांनी टोपी तोंडावर ओढून घेतली आणि बराच वेळ ती बाजूला केली नाही.